वाराणसीतील तरुण कॅथलिक आणि त्यांचे प्रश्न

(वाराणसी येथे महाविद्यालयीन कॅथलिक तरुणांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान. मूळ हिंदी.)



या मेळाव्याच्या संयोजकांनी मला विषय कळविला तो असा : 'श्रद्धा संकटात का सापडते आणि ती दृढ कशी करावी?' मी त्यांना नम्रपणे उत्तर धाडले की, प्रश्नाच्या पूर्वार्धावर मी यथाशक्ती बोलेन. उत्तरार्धाचे औषध माझ्यापाशी नाही. त्यांनी ते मान्य केले आणि तुम्हांला बहुधा सांगितले नाही. तेव्हा औषधाच्या अपेक्षेने जे आले असतील त्यांची मी आरंभीच क्षमा मागतो.

माझा जन्म वसईजवळच्या एका खेड्यातला. त्या भागात ख्रिस्ती समाज सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीजांच्या काळापासून नांदत आला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, राज्य पालटले, तरी गावोगावची चर्चे आणि त्यांभोवतीचे जीवन टिकून राहिले. अशा गावातले मूल स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तशरीर, दृढीकरण या पायऱ्या आपोआप चढत जाते. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत 'तू ख्रिस्ती का आहेस?' असे त्याला कुणी एकदाही विचारीत नाही. जसे त्याला 'तू मराठी का बोलतोस?' असेही कुणी विचारीत नाही. मला मात्र प्रश्न पडत. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी एकदा विचारले की, ख्रिस्ताच्या आधी जन्मलेली आणि त्याचे नावही न ऐकलेली माणसे कोठे गेली? शिकविणाऱ्या गृहस्थांनी मला बाहेर उभे केले. ते वाईट नव्हते. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला जे सुचते ते त्यांनी केले. पण मी त्या दिवशी एक चुकीचा धडा शिकलो, आणि तो विसरायला मला पुढे फार वर्षे लागली. तो धडा असा की, प्रश्न विचारणाऱ्याची जागा दाराबाहेर असते.

पुढे तत्त्वज्ञान शिकण्यासाठी मी या नगरीत आलो. येथे पहिल्या आठवड्यातच लोकांनी मला तो प्रश्न विचारला, जो गावी कुणी विचारला नव्हता. चहावाल्याने विचारला, घरमालकाने विचारला. इंग्रजी बेताची बोलणारा मी ख्रिस्ती कसा, याचेही काहींना नवल वाटले. माझ्या खोलीत एक मैथिल विद्यार्थी होता. तो पहाटे चारला उठून अस्सी घाटावर स्नानास जाई आणि परत येऊन अर्धा तास डोळे मिटून बसे. एके दिवशी तो मला म्हणाला, "तुमचा ख्रिस्त कोण हे मी पुस्तकातून वाचले आहे. तुम्ही त्याच्याशी काय बोलता, ते सांगा." वादविवादासाठी मी तयार होतो. या साध्या विचारण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण मी ख्रिस्ताशी काही बोलतच नव्हतो. पाठ केलेल्या प्रार्थना म्हणत होतो, इतकेच.

येथे जरा थांबून एक भेद सांगितला पाहिजे. युरोपातला तरुण कॅथलिक जेव्हा संशयात पडतो तेव्हा त्याच्यासमोर बहुधा अश्रद्धा उभी असते : देव नाही, प्रार्थना व्यर्थ आहे, चर्च ही जुनी वास्तू आहे. वाराणसीतल्या तरुणापुढे उभी राहते ती दुसऱ्याची श्रद्धा. कडाक्याच्या थंडीत नदीत उतरणारी म्हातारी, सारनाथच्या स्तूपाभोवती मुकाट्याने फिरणारा भिक्षू, दालमंडीच्या गर्दीत नमाजासाठी दुकान अर्धे मिटणारा व्यापारी. यांपैकी कुणीही त्याला सांगत नाही की, तुझा धर्म खोटा आहे. पण त्यांना पाहिल्यावर त्याच्या मनात येते : ही माणसे खरोखर प्रार्थना करीत आहेत, मी करतो आहे काय? २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख, म्हणजे शेकडा ०.१८ होती. इतक्या अल्पसंख्येत समाजाच्या भिंतीआड श्रद्धा झाकून ठेवता येत नाही. ती एकट्याने बाळगावी लागते, आणि एकट्याने बाळगायची वस्तू माणूस उघडून पाहतोच.

याच नगरीत एका मराठी तरुणाने अशी वस्तू उघडून पाहिली, त्याची हकीकत तुम्हांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळच्या काशीपुरा गावी एका चित्पावन घराण्यात झाला आणि ते वाढले वाराणसीत. व्याकरण आणि न्याय यांचे त्यांचे अध्ययन उत्तम होते. त्या काळी मिशनरी रस्त्यावर उभे राहून प्रवचने देत. विशीतल्या या पंडिताला त्यांचा राग आला आणि त्यांना निरुत्तर करावे म्हणून तो चर्चेला गेला. जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतांवर आक्षेप घेतले होते. त्याला उत्तर म्हणून नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतातच रचला. प्रतिपक्षाचे खंडन करायचे तर त्याचा ग्रंथ वाचला पाहिजे, हा शास्त्रार्थाचा नियमच आहे. त्यांनी बायबल वाचावयास घेतले, आणि खंडनासाठी उघडलेले ते पुस्तक त्यांना मिटता येईना. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते नेहेमिया गोरे झाले.

ते कॅथलिक नव्हते, अँग्लिकन होते. पुढे त्या पंथातल्या कॅथलिक वळणाच्या व्रतस्थ संघाकडे ते ओढले गेले. तेव्हा आपल्या मेळाव्यात त्यांचे नाव घेण्याचा मला अधिकार किती, हा प्रश्न कुणी विचारू शकेल. मी त्यांचे नाव घेतो ते दुसऱ्या कारणासाठी. धर्मांतराने त्यांचे प्रश्न मिटले नाहीत. घर दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई बाप्तिस्म्यानंतर अल्पावधीतच वारली आणि तान्ही मुलगी मागे राहिली. १८६० मध्ये त्यांनी 'षड्दर्शन दर्पण' लिहून सहाही दर्शनांची तर्काने चिकित्सा केली. पुढे मुंबई-पुण्यात प्रार्थनासमाजाच्या विचारवंतांशी त्यांनी वाद केले, आणि त्यांच्या लेखनाचा आपल्यावर परिणाम झाल्याचे पंडिता रमाबाईंनी स्वतः नमूद करून ठेवले. बाहेरून पाहणाऱ्याला हा विजयी वादपटू दिसतो. पण त्यांचे चरित्र सांगते की, शंकांनी या माणसाला आयुष्यभर सोडले नाही. ज्या तर्काने त्यांनी दर्शने तपासली तोच तर्क रात्री त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेकडे वळे. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला तोपर्यंत ते याच अवस्थेत प्रार्थना करीत, प्रवचने देत आणि इतरांच्या शंका फेडीत राहिले.

मला हा माणूस फार जवळचा वाटतो. तरी एक गोष्ट सांगतो, ती टीका म्हणून नव्हे. गोऱ्यांचा प्रश्न विचारण्याचा रिवाज शास्त्रार्थाचा होता. त्यात एक पक्ष जिंकावा लागतो. श्रद्धेच्या प्रश्नात असा निकाल क्वचितच लागतो, आणि जो निकालाची वाट पाहतो त्याला झोप लागत नाही. नैयायिकाच्या बुद्धीचे हे भूषण आणि हेच तिचे दुःख.

त्याच शतकाच्या अखेरीस एका बंगाली तरुणाने वेगळी वाट धरली. भवानीचरण बॅनर्जी १८९१ मध्ये प्रथम अँग्लिकन आणि त्याच वर्षी कॅथलिक झाले. पुढे भगवी वस्त्रे धारण करून ब्रह्मबांधव उपाध्याय या नावाने प्रसिद्धी पावले. आपण हिंदू आहोत आणि कॅथलिकही आहोत, असे ते म्हणत. परमपवित्र त्रैक्याला त्यांनी 'सच्चिदानंद' म्हणून वंदन केले. १८९९ मध्ये जबलपूरजवळ नर्मदेकाठी त्यांनी कॅथलिक संन्याशांचा मठ स्थापिला; चर्चच्या वरिष्ठांची संमती न मिळाल्याने तो लवकरच बंद पडला. १९०७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्याच्या काळातच ते वारले आणि त्यांचे दहन झाले. त्यांना बाहेर उभे केले गेले, असे मी म्हणेन. त्या वर्गाबाहेर मी उभा होतो, म्हणून मला हे लगेच ओळखू आले असावे.

ब्रह्मबांधवांना नाकारलेली गोष्ट पुढे धर्मसभेनेच मान्य केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा चर्च अव्हेर करीत नाही, असे स्पष्ट केले. १९६९ मध्ये भारतातील उपासनेसाठी बारा बाबींना रोमने मान्यता दिली : जमिनीवर बसणे, आरती, पंचांगप्रणाम, अशा त्या बाबी. १९७० मध्ये वाराणसी हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या प्रश्नाने तुम्हांपूर्वीच्या पिढीचा विद्यार्थी बाहेर उभा राहिला असता, तो प्रश्न आता दस्तऐवजात शिरला. माझ्या बालपणीच्या त्या प्रश्नाचे उत्तरही परिषदेच्या कागदपत्रांत आहे : ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनःपूर्वक देवाचा शोध घेतात, ते तारणाला मुकतात असे चर्च म्हणत नाही. माझ्या वर्गाच्या वेळी ते कागद छापून झाले होते. आमच्या गावी पोचले नव्हते, इतकेच.

या काळात गंगाकाठी राहून ज्यांनी प्रश्न जगून पाहिले त्यांत रायमुंदो पणिक्कर हे नाव प्रथम घ्यावे लागेल. वडील केरळचे हिंदू, आई कातालान कॅथलिक, जन्म १९१८ मध्ये बार्सिलोनात. धर्मगुरू होऊन ते १९५४ मध्ये भारतात आले आणि वाराणसी हे त्यांचे दीर्घकाळ निवासस्थान झाले. हिंदू धर्मातील अज्ञात ख्रिस्ताविषयीचा त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये निघाला. वेदवचनांचा 'मंत्रमंजरी' हा मोठा संग्रह १९७७ मध्ये. २०१० मध्ये ते स्पेनमध्ये वारले. त्यांचे ग्रंथ कठीण आहेत आणि विशीत ते सर्व वाचलेच पाहिजेत असे मला वाटत नाही. वाचलेच तर पेन्सिल घेऊन वाचा आणि जेथे पटणार नाही तेथे खूण करा. मी त्यांच्याशी काही ठिकाणी सहमत नाही, पण मी खुणा केलेल्या पानांनीच मला अधिक शिकविले.

पणिक्करांचे स्नेही स्वामी अभिषिक्तानंद हे मूळचे ब्रिटनीतले फ्रेंच बेनेडिक्टाइन साधू आँरी ल सो. १९४८ मध्ये ते भारतात आले, १९४९ मध्ये अरुणाचलास रमण महर्षींचे दर्शन घेतले, १९५० मध्ये कावेरीकाठी शांतिवनम् आश्रम उभारण्यात सहभागी झाले आणि शेवटी उत्तरकाशीच्या कुटीत राहिले. १९६४ मध्ये पणिक्करांसह ते गंगोत्रीस गेले आणि गंगेच्या उगमाशी त्यांनी मिस्सा अर्पण केली. त्यांची रोजनिशी मरणोत्तर प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना कळले की, या शांत दिसणाऱ्या संन्याशाने उपनिषदांचा अद्वैतानुभव आणि ख्रिस्तावरची निष्ठा यांच्यामधली ओढाताण वीस-पंचवीस वर्षे सोसली होती. दोहोंपैकी एक सोडून दिले असते तर ती ओढ थांबली असती. त्यांनी एकही सोडले नाही.

१९७१ मध्ये मार्क शादुक नावाचा फ्रेंच सेमिनरीतला तरुण त्यांच्याकडे आला. ३० जून १९७३ रोजी हृषीकेशला गंगेच्या पात्रात स्वामी चिदानंद आणि अभिषिक्तानंद या दोघांच्या साक्षीने त्याला संन्यासदीक्षा मिळाली; एक गुरू हिंदू आणि एक ख्रिस्ती. नाव अजातानंद. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अभिषिक्तानंद वारले. १९७७ मध्ये अजातानंद गंगाकाठच्या आपल्या कुटीतून नाहीसा झाला, आणि पुन्हा कुणालाही दिसला नाही.

ही कथा सांगताना तरुणांचे डोळे चमकतात हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि म्हणूनच मी ती बेताने सांगतो. ज्याच्या घरी परत जाण्याची सोय आहे त्याला नाहीसे होण्याचे आकर्षण वाटते. तुमच्यात अशी मुले आहेत ज्यांच्या पहिल्या पगारावर घरच्या चार माणसांचे लक्ष लागले आहे. त्यांचे प्रश्न निराळे आहेत आणि ते कमी खोल आहेत असे मानण्याचे कारण नाही.

छोटा नागपूरहून आलेल्या एका उराँव मुलीने मला विचारले होते : "सर, तुम्ही सगळे वेदान्त आणि ख्रिस्त यांचे बोलता. माझे पणजोबा सरनावर पूजा करीत. त्यांच्याबद्दल कुणी का बोलत नाही?" १८८५ मध्ये फादर कॉन्स्टंट लिव्हन्स त्या प्रदेशात आले, जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत त्यांनी आदिवासींना साहाय्य केले आणि हजारो कुटुंबे कॅथलिक झाली. पणजोबांना जमीन राखावयाची होती. नातीला विचारावयाचे आहे की, जमीन राखताना काय हरवले. भारतीयीकरण म्हणजे संस्कृतीकरण, असे आम्हा शिकलेल्या लोकांनी फार सहज गृहीत धरले, आणि या मुलीने ते एका वाक्यात दाखवून दिले.

दलित कुटुंबातल्या तरुणाचा प्रश्न आणखी रोकडा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती दलितांना नाही. म्हणजे शासनाच्या दृष्टीने बाप्तिस्म्याने त्याची जात गेली. चर्चच्या दृष्टीनेही गेली. विवाह ठरविताना आणि कधी कधी दफनभूमीत मात्र ती परत येते. त्याचा प्रश्न असा : "दोघेही म्हणतात गेली, मग ती माझ्या घरी कशी काय राहते?" याला धर्मशास्त्राचे उत्तर आहे, पण ते उत्तर देणाऱ्याने आधी आपल्या धर्मग्रामात कोण कुठे बसते ते पाहावे. तसेच आपल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे. नगरातली सुस्थित कुटुंबे तेथे प्रवेशासाठी रांग लावतात आणि शेजारच्या वस्तीतला ख्रिस्ती मुलगा बहुधा अन्यत्र हिंदीत शिकतो. धर्मगुरूंच्या हातून बालकांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणे जगभर उघडकीस आली, त्याबद्दलही तुम्ही विचारता. विचारलेच पाहिजे. हे प्रश्न श्रद्धेविरुद्ध नाहीत. ज्याला शुभवर्तमान खरे वाटते तोच इतका संतापतो.

आता मातृधामविषयी. १९४१ मध्ये फादर गॅस्पर पिंटो यांनी वाराणसीत इंडियन मिशनरी सोसायटीची स्थापना केली. तिच्या मातृधाम आश्रमात १९९३ पासून स्वामी अनिल देव यांच्या प्रेरणेने सत्संगांची एक चळवळ सुरू झाली. आसपासच्या खेड्यांतून, मुख्यत्वे तथाकथित खालच्या जातींतून, हजारो माणसे येऊ लागली. ती स्वतःस ख्रिस्तभक्त म्हणवितात. त्यांतील बहुसंख्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. जनगणनेत ती हिंदू आहेत, घरी सण होतात, आणि त्यांचे इष्टदैवत येशू आहे. पंडितांना आणि धर्मशास्त्रज्ञांना या लोकांचे काय करावे हे नीटसे उमजलेले नाही. २०२३ मध्ये त्यांच्यावर ऑक्सफर्डने एक विद्वत्तापूर्ण ग्रंथही काढला. उत्तर प्रदेशात २०२१ चा धर्मांतरविषयक कायदा झाल्यापासून अशा मेळाव्यांकडे पाहण्याची नजरही बदलली आहे, आणि बाप्तिस्मा हा निव्वळ अंतःकरणाचा विषय उरलेला नाही.

काही वर्षांपूर्वी मी महाविद्यालयातल्या चार कॅथलिक तरुणांना घेऊन तेथे गेलो. रविवारच्या मिस्सेत मोबाइल पाहणारी ही मुले. मी त्यांना दोष देत नाही, प्रवचन खरोखरच लांबते. मंडपात आमच्या शेजारी एक वयस्क बाई बसली होती. चिरईगावच्या बाजूच्या कोणत्या तरी खेड्यातून ती पहाटे निघाली होती. आमच्यापैकी एकाने कुतूहलाने विचारले, "माई, आपण बाप्तिस्मा घेतला आहे का?" ती म्हणाली, "नाही बेटा. तू घेतलास?" त्याने हो म्हटले. "लहानपणी?" हो. तिने त्याच्याकडे पाहिले आणि अगदी निर्मळ मनाने म्हणाली, "मग तुला तर सगळे ठाऊक असेल. मला सांग, तो आपले ऐकतो ते तुला कसे कळते?"

परतताना रिक्षात कुणी बोलले नाही. त्या मुलाने दोन दिवसांनी मला येऊन विचारले की, बाप्तिस्मा नसलेल्या बाईपाशी जे आहे ते माझ्यापाशी नसेल, तर माझ्या बाप्तिस्म्याचा अर्थ काय? मी त्याला संस्कारांविषयीचे शास्त्र सांगू शकलो असतो : देवाची देणगी आपल्या योग्यतेवर अवलंबून नसते, वगैरे. ते खरे आहे. पण वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा अजून माझ्यात असल्यामुळे मी गप्प राहिलो आणि म्हणालो, "पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊ. तोवर तू रविवारी ये." तो आला. मोबाइल त्याच्या खिशातच होता की नाही, ते मी पाहिले नाही.

'तू रविवारी ये' असे मी का म्हणालो, ते सांगण्यासाठी मी तुम्हांला संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाकडे नेतो. भारतीय ख्रिस्ती परंपरा ज्याला आपला आद्य प्रेषित मानते तो थॉमस, बारा शिष्यांतला संशय घेणारा. जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असे तो म्हणाला. हे सर्वांना पाठ आहे. पण पुढच्या ओळीकडे आपले लक्ष जात नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले होते आणि थॉमस त्यांच्याबरोबर होता. ते आठ दिवस कसे गेले असतील? दहा जण सांगताहेत की आम्ही पाहिले. एक जण म्हणतो आहे की मला पटत नाही. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही. तोही उठून गेला नाही. एकाच ताटात जेवले असतील, कदाचित अबोलाही धरला असेल. थॉमसला जे दिसले ते त्या खोलीत दिसले. तो दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला असता, किंवा पेत्राने त्याला बाहेर उभे केले असते, तर आज भारतातल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला काय म्हणवून घेतले असते कोण जाणे.

कठोपनिषदातला नचिकेतही यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबला. मग त्याने जो प्रश्न विचारला त्यावर यम त्याला गाई, हत्ती, सोने, दीर्घायुष्य, काय हवे ते देऊ करतो. फक्त हा प्रश्न सोड, म्हणतो. वडील माणसांना तरुणांच्या प्रश्नाच्या बदल्यात काहीतरी देऊन टाकण्याची सवय फार जुनी दिसते. आपल्या धर्मग्रामांत आपण क्रिकेटचे सामने देतो, गिटार देतो, सहली देतो. त्या वस्तू वाईट नाहीत. नचिकेत त्या घेत नाही आणि बसून राहतो.

मित्रहो, लिझ्यूची संत तेरेजा तुमच्या आज्यांच्या घरी तसबिरीत आहे. १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ च्या सप्टेंबरात चोविसाव्या वर्षी क्षयाने मरेपर्यंत तिला स्वर्ग आहे की नाही याचाच अंधार घेरून होता. पण तिने आपली कोठडी सोडली नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे २००७ मध्ये छापली गेली तेव्हा त्यांच्याही दीर्घ अंधाराविषयी कळून कित्येकांना धक्का बसला. धक्का बसण्यासारखे त्यात काय होते, हे मला अजून समजलेले नाही. त्या रोज सकाळी उठून रस्त्यावर जात होत्या.

२०१८ च्या मार्चमध्ये सुमारे तीनशे तरुण रोममध्ये जमले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बिशपांची तरुणांविषयीची परिषद झाली, आणि २५ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तरुणांना उद्देशून 'क्रिस्तुस विवित' हे पत्र लिहिले. त्या सर्व व्यवहारात तरुणांचे मागणे फार साधे होते : आमचे ऐका, आणि उत्तर लगेच देऊ नका. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच या रीतीने झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. त्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तर देतो. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या ओव्यांत श्रोत्याला बाहेर उभे केलेले नाही. आमच्या गावच्या गृहस्थांनी ते पुराण वाचले असते तर बरे झाले असते, पण ते त्यांच्याही हाती कुणी दिले नव्हते.

माझा तो मैथिल सहनिवासी आज बिहारमध्ये एका महाविद्यालयात शिकवितो. मधूनमधून पत्र येते. मागच्या पत्रात त्याने विचारले होते, "आता काही बोलता की नाही?" मी कळविले की, सकाळी थोडा वेळ बसतो, बोलणे अजून फारसे होत नाही. त्यावर त्याचे उत्तर यायचे आहे.

संयोजकांनी मला तासभर दिला होता, तो संपत आला. खाली चहा आहे. चहानंतर याच खोलीत आपण पुन्हा जमणार आहोत आणि तेव्हा प्रश्न तुम्ही विचारावयाचे आहेत. पाठीमागच्या रांगेत दाराजवळ उभे असलेल्यांसाठी पुढे जागा केली आहे. त्यांनी आत येऊन बसावे.